सामना, शकुन आणि स्वयंपाकघराचे दार
(मंडळाच्या विद्यार्थी गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



बँकेत कारकुनी करणाऱ्या माणसाला व्यासपीठावर बोलावले की तो व्याजाचे दर आणि बचतीचे महत्त्व सांगणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज आम्ही तसे काही सांगणार नाही. आम्ही आज फुटबॉलविषयी बोलणार आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. खेळाडू कधीच नव्हतो. परंतु फुटबॉलच्या निमित्ताने आमच्या हातून एक चूक घडली. ती चूक अंधश्रद्धेची होती, आणि अंधश्रद्धा निर्मूलनावर आम्ही स्वतः या सभागृहात दोन वेळा बोललेलो असताना ती घडली. म्हणून ती तुमच्यापुढे मांडणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

आमच्या सहचारिणींचे माहेर कोल्हापूरचे. कोल्हापूर म्हटले की बाहेरच्या माणसाला कुस्ती, चप्पल आणि तांबडा-पांढरा रस्सा आठवतो. पण तिथल्या पेठांत जाऊन पाहा. पाटाकडील तालीम, शिवाजी तरुण मंडळ, खंडोबा तालीम, दिलबहार यांचे सामने शाहू स्टेडियमवर असले की पेठा ओस पडतात. आमचे मेहुणे त्या मातीतले. नोकरीनिमित्त ते शारजाला गेले, एका वाहतूक कंपनीत हिशेबनीस म्हणून लागले, पण फुटबॉल काही सुटला नाही.

२०१९ च्या जानेवारीत संयुक्त अरब अमिरातीमध्ये आशिया चषक स्पर्धा होती. भारताचा संघ त्यात होता. मेहुण्यांनी आग्रह केला, "दाजी, एवढी वर्षं बोलावतोय, आता तरी या." आम्ही रजा टाकली, साठवलेले पैसे काढले आणि आम्ही उभयता तिकडे गेलो.

६ जानेवारीला भारताचा पहिला सामना थायलंडशी अबुधाबीला झाला. आम्ही तो शारजाच्या घरात टीव्हीवर पाहिला. सुनील छेत्रीने पेनल्टीवर पहिला गोल केला, थोड्याच वेळात थायलंडने बरोबरी केली. मध्यंतरात आमच्या सहचारिणींनी चहा केला. चहाचा पहिला घोट घेतला न घेतला तोच छेत्रीने दुसरा गोल केला. मध्यंतरानंतरचे ते पहिलेच मिनिट होते. पुढे थापाने तिसरा आणि जेजेने चौथा गोल केला. भारत ४-१ असा जिंकला. १९६४ नंतर आशिया चषकात भारताला मिळालेला हा पहिला विजय होता. शेजारच्या बिऱ्हाडातली केरळची मंडळी भिंतीवर थापा मारीत होती, आम्ही इकडून मारीत होतो. त्या रात्री परदेशात आहोत असे वाटलेच नाही.

आणि त्याच रात्री नियम तयार झाले. मेहुण्यांनी फर्मान काढले : पुढच्या सामन्याला प्रत्येकाने याच जागी बसायचे. दाजींनी मोडक्या हाताची खुर्ची सोडायची नाही. चहा मध्यंतरातच, आणि याच कपांतून. खायला उपीटच. त्यांच्या अंगातला निळा सदरा धुवायचा नाही. सामना चालू असताना कोल्हापूरहून आईचा फोन आला तरी घ्यायचा नाही. आम्ही हसलो. पण मित्रांनो, हसत हसत आम्ही ते सर्व मान्य केले, हे लक्षात ठेवा.

१० जानेवारीला दुसरा सामना यजमान अमिरातीशी होता. खुर्ची तीच, उपीट तेच. मेहुण्यांच्या बिऱ्हाडात दुसऱ्या खोलीत एक तरुण भाड्याने राहत असे. मराठवाड्याकडचा, वातानुकूलन यंत्रे दुरुस्त करणारा, मितभाषी मुलगा. पहिल्या सामन्याच्या वेळी तो कामावर होता. या दिवशी तो पहिल्या सत्राच्या शेवटी घरी आला. हातात डबा, पायात बूट. त्याने दार उघडले आणि ४१ व्या मिनिटाला अमिरातीचा पहिला गोल झाला. मध्यंतरात चहा झाला, त्याच कपांतून झाला, तरी आपला गोल काही झाला नाही. आपल्या खेळाडूंचे फटके आडव्या खांबावर आदळून परत आले. शेवटी दुसरा गोल खाऊन आपण ०-२ हरलो.

आता सरळ विचार करणाऱ्या माणसाने काय म्हणावे? चहा, खुर्ची, उपीट, न धुतलेला सदरा, सगळे तसेच असताना हार झाली; तेव्हा या वस्तूंचा आणि गोलाचा काही संबंध नाही. मेहुणे मात्र म्हणाले, "सगळं बराबर हुतं. ह्यो मधीच आला." आणि त्या मुलाकडे बघून हसत "पनवती" असा शब्द उच्चारला. सगळे हसले. तोही हसला. अंधश्रद्धेची ही खुबी पाहा. ती खोटी ठरली की स्वतःला दोष देत नाही, नवा अपराधी शोधते. आणि वस्तू संपल्या की माणसावर येते.

तिसरा सामना १४ जानेवारीला बहारीनशी होता. ही तारीख या सभागृहात कोणाला समजावून सांगण्याची गरज नाही. सकाळीच आम्ही फोन करून गावाकडच्या मंडळींना नामविस्तार दिनाच्या शुभेच्छा दिल्या होत्या. सामना शारजाच्याच मैदानावर, घरापासून टॅक्सीने थोड्याच अंतरावर. भारतीयांनी ते मैदान भरून जाणार होते. आम्ही मोठ्या उत्साहाने विचारले, "तिकिटे काढली ना?" मेहुणे म्हणाले, "नाही दाजी. पहिला सामना घरात जिंकलाय. घरातच बघायचा." म्हणजे विमानाचे भाडे भरून आम्ही समुद्रापलीकडे गेलो, सामना दारात आला, आणि आम्ही मोडक्या हाताच्या खुर्चीत बसून टीव्ही पाहिला! हा विनोद म्हणून सांगण्यासारखा आहे. पुढचा भाग विनोदाचा नाही.

भारताला बरोबरी पुरेशी होती. बरोबरी झाली असती तर आपण पुढच्या फेरीत गेलो असतो. सामना रात्री आठला सुरू झाला आणि थोड्याच वेळात तो मुलगा कामावरून आला. त्याने बूट काढले. आत येणार तोच मेहुण्यांनी हात वर करून त्याला थांबवले. त्याला काय चालले आहे ते क्षणभर कळेना. तेव्हा आम्ही, होय, आम्हीच, त्याला म्हणालो, "तू जरा स्वयंपाकघरातच थांब रे बाबा. तेवढा सामना होऊ दे."

तो काही न बोलता स्वयंपाकघरात गेला. तिथे ओट्याला टेकून त्याने डबा खाल्ला. मध्यंतरात चहाचे कप आत गेले ते त्यानेच धुऊन ठेवले. नव्वद मिनिटे तो आमच्या आरडाओरड्यावरून सामना ऐकत होता. सामना ०-० असा चालला होता. अखेर जादा वेळेच्या पहिल्याच मिनिटाला आपल्या खेळाडूकडून गोलक्षेत्रात प्रतिस्पर्धी पाडला गेला. पेनल्टी. जमाल रशीदने गोल केला. भारत गटात शेवटचा राहिला आणि स्पर्धेबाहेर गेला.

खोलीत कोणी बोलेना. आणि मग आम्ही सर्वांनी मान वळवून स्वयंपाकघराकडे पाहिले. दार अर्धे उघडे होते. मेहुणे पुटपुटले, "दार उघडं हुतं." तो मुलगा ओट्यापाशी उभा होता. म्हणाला, "काका, मी आत नव्हतो आलो."

मित्रांनो, आरोपी जशी साक्ष देतो तशी त्याने ती साक्ष दिली. एका पेनल्टीसाठी, मैदानापासून काही किलोमीटरवर असलेल्या स्वयंपाकघरातून.

दोन दिवसांनी आम्ही निघालो तेव्हा तोच मुलगा आमच्या पिशव्या उचलून खाली आला. आम्ही त्याला म्हणालो, "त्या दिवशी आमची चूक झाली. मनावर घेऊ नकोस." तो म्हणाला, "नाही काका, सवय आहे." सवय कसली, असे आम्ही विचारले. त्याचे वडील तो लहान असताना गेले. तेव्हापासून गावात लग्नकार्य असले की त्याची आई मांडवाच्या मागच्या बाजूला भाकऱ्या थापायला असते. पुढे येत नाही. तिला कोणी या म्हणत नाही आणि तीही जात नाही. एवढे सांगून त्याने टॅक्सीचे दार लावले.

विमानात आम्हाला झोप लागली नाही. आपल्या आजोबा-पणजोबांना कोणत्या सावलीच्या नावाखाली कुठे कुठे उभे केले गेले, हे आम्ही व्याख्यानातून सांगत आलो. आणि एका खेळासाठी आम्हीच एका मुलाला ओट्यापाशी उभे केले.

परत आल्यावर आम्ही या विषयावर थोडे वाचन केले. ते तुमच्यापुढे ठेवतो, कारण रोग एकट्या आमच्या मेहुण्यांचा नाही.

फुटबॉलचे माहेरघर म्हणतात तो ब्राझील घ्या. १६ जुलै १९५० रोजी रिओच्या माराकाना मैदानावर विश्वचषकाचा निर्णायक सामना ब्राझील आणि उरुग्वे यांच्यात झाला. ब्राझीललाही बरोबरी पुरेशी होती. पहिला गोलही त्यांचाच. तरी उरुग्वेने २-१ असा विजय मिळवला. ब्राझीलचा संघ त्या वेळी पांढरा सदरा घालीत असे. तो सदरा अपशकुनी ठरला. १९५३ मध्ये एका वृत्तपत्राने नव्या पोशाखासाठी स्पर्धा घेतली आणि आल्दिर श्ली नावाच्या तरुणाने काढलेला पिवळा सदरा निवडला गेला. आज जगभर ओळखला जातो तो हाच. १९५४ मध्ये तो पिवळा सदरा घालून ब्राझील उपउपांत्य फेरीत हंगेरीकडून २-४ असा हरला! १९५८ ला अंतिम सामना स्वीडनशी होता. स्वीडनचा रंगही पिवळा, म्हणून ब्राझीलला निळा घालावा लागला. खेळाडू धास्तावले. तेव्हा पथकप्रमुखांनी त्यांना सांगितले की निळा हा आपल्या देशाच्या माउलीच्या झग्याचा रंग आहे. ब्राझील ५-२ असा जिंकला. मग निळा शुभ म्हणायचा, तर पुढे पिवळ्यातच त्यांनी अनेक चषक जिंकले. पिवळा शुभ म्हणायचा, तर २०१४ साली स्वतःच्या देशात, पिवळ्याच सदऱ्यात, जर्मनीकडून १-७ असा पराभव झाला.

१९५८ ला खरे काय घडले होते? सतरा वर्षांचा पेले होता, गारिंचा होता, बचावात चार खेळाडू ठेवण्याची पद्धत बसवली होती आणि संघाबरोबर डॉक्टर, दंतवैद्य व मानसतज्ज्ञ होते. तयारी जिंकली, श्रेय सदऱ्याला मिळाले.

पण सदऱ्याला काही वाटत नाही. माणसाला वाटते. १९५० च्या त्या सामन्यात ब्राझीलचा गोलरक्षक मोआसिर बार्बोसा होता. कृष्णवर्णीय, त्या काळातल्या उत्तम गोलरक्षकांपैकी एक. घिगियाचा फटका त्याच्या आणि जवळच्या खांबाच्या मधून गेला. अकरा जण हरले, पण पराभव त्याच्या आणि दुसऱ्या दोन कृष्णवर्णीय बचावपटूंच्या नावावर टाकला गेला. १९९३ मध्ये तो म्हातारा राष्ट्रीय संघाच्या सरावाच्या ठिकाणी खेळाडूंना भेटायला गेला तेव्हा अपशकुन होईल म्हणून त्याला भेटू दिले नाही, असे सांगितले जाते. आयुष्याच्या अखेरीस तो म्हणत असे की या देशात सर्वांत मोठी शिक्षा तीस वर्षांची आहे, मी मात्र पन्नास वर्षे भोगतो आहे. एप्रिल २००० मध्ये तो वारला. त्याची कथा आम्ही वाचली तेव्हा आमच्या डोळ्यांपुढे शारजाचे ते अर्धे उघडे दार आले.

शहाणीसुरती माणसे असे का वागतात? पहिल्या महायुद्धाच्या काळात मालिनोव्हस्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहिला. तिथले कोळी दोन ठिकाणी मासे धरीत. आतल्या शांत खाडीत मासे धरताना ते कसलाही मंत्रतंत्र करीत नसत. तिथे कौशल्य पुरेसे होते. खुल्या समुद्रात जाताना मात्र मोठे विधी होत. तिथे जीव धोक्यात, आणि काय मिळेल याची शाश्वती नाही. जिथे हात पोहोचत नाही तिथे माणूस मंत्र म्हणतो. परदेशातल्या चाहत्याचे तसेच आहे. मेहुण्यांची नोकरी परक्या देशात, परवाना परक्याच्या हातात, घर समुद्रापलीकडे. मैदानात धावणारे अकरा जण म्हणजे त्यांचे गाव. त्या गावासाठी काहीतरी करावेसे वाटते आणि करता तर काहीच येत नाही. मग माणूस खुर्ची सोडत नाही. त्यांच्या या प्रेमाला आम्ही हसत नाही.

स्किनर या मानसशास्त्रज्ञाने १९४८ साली कबुतरांवरील एक प्रयोग प्रसिद्ध केला. भुकेल्या कबुतरांना ठरावीक वेळाने दाणे मिळत. कबुतर काहीही करो. पण दाणे आले त्या क्षणी जे कबुतर गिरकी घेत होते ते पुन्हा पुन्हा गिरक्या घेऊ लागले. एक जण मान कोपऱ्यात खुपसू लागला. प्रत्येकाला वाटले की आपल्यामुळेच दाणे येतात. चहाचा घोट आणि छेत्रीचा गोल, हे त्याहून निराळे काय आहे?

आणि योगायोगाचे गणितही विद्यार्थ्यांनी करून पाहावे. २०१० च्या विश्वचषकात जर्मनीतल्या मत्स्यालयातील पॉल नावाच्या ऑक्टोपसने आठपैकी आठ सामन्यांचे निकाल बरोबर ओळखले म्हणून जगभर गाजावाजा झाला. दोहोंतून एक असे आठ वेळा निवडायचे म्हटले तर सगळे बरोबर येण्याची शक्यता २५६ त एक. जगभर इतके पोपट, माकडे, मांजरे भविष्य सांगायला बसवली जातात की त्यांत एखादा बरोबर निघायचाच. त्याचे नाव राहते, चुकलेल्यांची कोणी नोंद ठेवत नाही. याच पॉलचे २००८ च्या युरोपीय स्पर्धेत सहापैकी दोन अंदाज चुकले होते, हे किती जणांना ठाऊक आहे?

आमच्या बँकेचे उदाहरण देतो. संध्याकाळी रोख मोजली आणि पाचशे रुपये कमी भरले, तर आम्ही काय करतो? एकेक व्हाउचर काढतो, बेरजा तपासतो, नोटा पुन्हा मोजतो. आज पहिला ग्राहक कोण आला होता, कोणाच्या पायगुणाने तूट आली, असे विचारणारा कारकून आजवर आम्ही पाहिला नाही. कारण तूट शेवटी स्वतःच्या खिशातून भरावी लागते! जिथे खिशाला चाट बसते तिथे कार्यकारणभाव आम्हाला बरोबर समजतो. दुसऱ्याच्या मनाला चाट बसते तिथे मात्र आम्ही विसरतो. त्या रात्री भारत का हरला? सुरुवातीलाच आपला बचावपटू अनस जखमी होऊन बाहेर गेला. नव्वद मिनिटे आपण मागे सरून बचावच करीत राहिलो. थकलेल्या पायांनी शेवटी चूक केली. व्हाउचर तिथे होते. आम्ही ते स्वयंपाकघरात शोधत होतो.

आता शेवटची एक गोष्ट. त्याच वर्षी १० सप्टेंबरला विश्वचषकाच्या पात्रता फेरीत भारताचा सामना दोह्याला कतारशी झाला. कतार म्हणजे नुकताच आशिया चषक जिंकलेला संघ. छेत्री आजारी, खेळला नाही. गोलरक्षक गुरप्रीतने एकामागून एक फटके अडवले आणि भारताने ०-० अशी बरोबरी साधली. रात्री उशिरा मेहुण्यांचा फोन आला. आमच्या सहचारिणींनी त्यांना बरेच ऐकवले होते, म्हणून त्या दिवशी त्यांनी त्या मुलाला शेजारी बसवून सामना पाहिला होता. आनंदाने ओरडून म्हणाले, "दाजी, पोरगं पायगुणाचं निघालं! आता परत्येक सामन्याला त्याला हितंच बसवणार!"

आम्ही त्यांना म्हटले, मेहुणे, हेही तेच झाले. आज पायगुणाचा म्हणाल, उद्या एक गोल खाल्लात की पुन्हा पनवती म्हणाल. त्याचा पाय फक्त चालण्यासाठी आहे. त्याला सामना आवडतो म्हणून बसू द्या. हरलात तरी बसू द्या. पलीकडे थोडा वेळ शांतता होती. मग मेहुणे म्हणाले, "बरं दाजी. कळलं."

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी परीक्षेला ठरावीक पेन नेत असेल, कोणी ठरावीक सदरा घालत असेल. त्याने धीर येत असेल तर आम्ही तुमच्या हातून पेन काढून घेणार नाही. फक्त त्या पेनाने अभ्यास केलेला असावा. पण एक कसोटी मनात ठेवा. तुमच्या शकुनासाठी कोणाला दाराबाहेर उभे राहावे लागते का? कोणी आडवे आले म्हणून तुम्ही तोंड फिरवता का? कोणा बाईला पुढे येऊ नको म्हणता का? तसे असेल तर ती गंमत राहिली नाही. तिथून अन्याय सुरू होतो. आणि अशा वेळी बाजूला बसून हसणारा माणूस निर्दोष नसतो, हे आम्ही स्वतःच्या अनुभवाने सांगतो. प्रतीत्यसमुत्पाद हा मोठा शब्द आम्ही विहारात अनेकदा उच्चारला होता. त्याचा अर्थ आम्हाला एका मितभाषी मुलाच्या "सवय आहे" या दोन शब्दांनी शिकवला.

आपल्या मंडळाच्या कार्यक्रमात दार सर्वांना उघडे असते, याचा आम्हाला अभिमान आहे. आपापल्या घरातले दारही तसेच आहे ना, एवढे प्रत्येकाने आज घरी गेल्यावर पाहावे.



जय भीम!